फक्त हो किंवा नाही

अमरावतीहून अकोल्याला बदली झाली तेव्हा घर शोधताना माझी एकच अट होती: बोअरचं पाणी. अकोल्यात नळाची वाट पाहत बसणाऱ्याला नोकरी करता येत नाही. बोअर असलेलं घर मिळालं, शाळेपासून चालत जाता येईल असं. घरमालकीणबाई खालीच राहायच्या. त्यांनी चहा पाजला आणि म्हणाल्या, "चार महिने, दिवाळीलोक राहून पाहा मॅडम. मंग पाहू पुढचं."

आम्ही त्यांना पाहायचं की त्यांनी आम्हाला, हे त्यांनी सांगितलं नाही. माझ्या पाचवीतल्या मुलीने मात्र ते बरोबर ओळखलं. तिने गोष्टींच्या पुस्तकांचं खोकं उघडलंच नाही. "कायमचं राहायचं ठरलं की उघडू," म्हणाली. तिचा बाप नागपुरात नोकरीला, त्यामुळे सामान बांधण्या-सोडण्याचा अनुभव तिला वयाच्या मानाने फार.

आमचं आडनाव मोठं बेरकी आहे. ते वऱ्हाडात तीन-चार समाजांत सापडतं. त्यामुळे काकूंचा, म्हणजे घरमालकीणबाईंचा, खेळ पहिल्या दिवसापासून सुरू होता. "गाव कोनतं वो?" नांदगाव खंडेश्वराकडचं. "तिकडं कोनाच्या घरच्या?" माझ्या बाबांच्या. "घरी देव कोनता हाय?" घर अजून लागायचंय काकू. "गनपती बसवता का?" नाही. यावर उपासाला काय करता असं विचारून गेल्या. मी लपवत नव्हते. सरळ विचारलं असतं तर दारातच सांगितलं असतं. पण आपल्याकडे कुणी सरळ विचारत नाही, कारण मग आपण विचारलं असं होतं ना. मलाही जिद्द होती. शिकलेली बाई, स्वतःच्या पगाराची, मी कशाला आपणहून हजेरी द्यायची?

बाकी काकू प्रेमळ होत्या, हे सांगितलं नाही तर खोटं होईल. मला शाळेत उशीर झाला की मुलीला खाली बसवून भाकर-ठेचा खाऊ घालायच्या. तिला तिखट लागलं की स्वतःच हसत गूळ आणायच्या.

दिवाळीत त्यांची सून पुण्याहून आली आणि येताना एक खेळ घेऊन आली. लहान मुलांचा असतो तो: पाटीवर छोट्या झडपा, प्रत्येक झडपेवर एक चेहरा. समोरच्याने एक चिठ्ठी उचलायची, तीवर कोणाचा चेहरा आहे ते आपण प्रश्न विचारून ओळखायचं. चष्मा आहे का? नाही? मग चष्मेवाल्यांच्या झडपा पाडायच्या. शेवटी एक उभा राहतो. सुनेने त्यातले गोरे चेहरे काढून आमच्या बिल्डिंगमधल्या माणसांचे फोटो चिकटवले होते. कल्पना गोड होती. तिने सगळ्यांना फराळाला बोलावलं आणि नियम सांगितला, "उत्तर फक्त हो किंवा नाही."

वऱ्हाडात हा नियम चालवणं म्हणजे पोळ्यात उधळलेल्या बैलाला रांगेत उभं करणं. पहिल्याच डावात काकूंच्या समोर त्यांची नणंद बसली, दुसऱ्या मजल्यावरची. तिने विचारलं, "टक्कल हाय का?"

"आता हाय. पन लग्नात काय केस होते वो त्याचे!"

"आई, फक्त हो किंवा नाही," सून म्हणाली.

"हो म्हनलं ना मी. पन सांगू तर दे!"

चेहऱ्याकडे तर कुणी पाहतच नव्हतं. "यानं गच्चीवरच्या टाकीचा कॉक बंद केला होता का?" "इच्या कूलरचं पानी माया वाळवनावर पडते का?" हा शेवटचा प्रश्न ऐकून कूलरवाली बाई चिवड्याची बशी ठेवून उठलीच. तिची समजूत घालण्यात एक डाव गेला. मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. मुलगी चकली खात माझ्या मांडीला टेकून बसली होती.

तिसऱ्या डावात काकूंनी चिठ्ठी उचलली. मी त्यांच्या मागेच होते, मला दिसली. भाजीची पिशवी घेऊन जिना चढणारी मी.

नणंदेने विचारलं, "बाई हाय का?" हो. तिने पुरुष पाडले. "नोकरीवाली?" हो. आणखी काही झडपा पडल्या. मग चष्म्याचं विचारावं इतक्या सहज तिने विचारलं, "आपल्यातली हाय का?"

सून घाईघाईने म्हणाली, "अहो, असं नाही, चेहऱ्यावरचं विचारायचं."

"चेऱ्यावरूनच तं समजते थे," नणंद म्हणाली.

काकूंना चार महिने रोज माझा चेहरा पाहून समजलं नव्हतं. त्यांनी चिठ्ठी उलटी करून पाहिली, जणू मागे लिहिलेलं असेल. "आता... कसं सांगू वो..."

"समजलं!" नणंदेने टाळी वाजवली आणि बोटाच्या एका फटक्यात बाकीच्या सगळ्या झडपा पाडल्या. माझी उभी राहिली. "मॅडम!" ती जिंकली होती, खरोखर खूश झाली होती. मग तिला मी दिसले.

सून लाल झाली. मला राग आला, पण आवाज साधाच निघाला. "काकू, आमी बौद्ध आहो. तुमी इचारलंच नाही."

"आमाले काय त्याचं मॅडम! तुमी अनारसे घ्या ना," काकू म्हणाल्या. मी घेतला. चांगला झाला होता. मुलगी माझ्याकडे पाहत होती, म्हणून मी तो पूर्ण खाल्ला.

सून पुण्याला गेली आणि दिवाळी संपली. एका सकाळी काकू जिना चढून आल्या. चहा नको म्हणाल्या. अचलपूरचा त्यांचा भाचा, त्याचं कॉलेज, त्याला मेसचं जेवण सोसत नाही, त्याची आई काळजी करून राहिली, वरून आमच्या बाथरूमची गळती... मी ऐकत होते. मुलगी त्या खोक्यावर बसून बुटाची लेस बांधत होती. तिचे हात थांबले.

"काकू," मी म्हणाले, "खेळाचा नियम. आमी इथं राहाचं का? हो की नाही?"

त्यांनी मुलीकडे पाहिलं. मला वाटतं त्यांना खरंच वाईट वाटत होतं. डोळे खाली गेले.

"नाही," त्या म्हणाल्या.

पुढे 'पन' नाही, 'सांगू तर दे' नाही, एक शब्द नाही. काकू शेवटी खेळ शिकल्या होत्या. मुलीने लेस बांधली आणि मला म्हणाली, "बरं झालं आई, खोकं नाही उघडलं."