बदली येईपर्यंत

सोमवारी सकाळी दहाच्या आत शरीस गॅडिसनला हो किंवा नाही कळवायचं होतं, आणि शनिवारी दुपारी ती अटलांटात भावाच्या स्वयंपाकघरात आईच्या ताटातल्या कोंबडीची हाडं काढत बसली होती.

बावीस वर्षं तिने ह्यूस्टनच्या एका तेल कंपनीत नळवाहिन्यांची गणितं मांडली. फेब्रुवारीत तेलाचा भाव कोसळला आणि कंपनीने एका सकाळी चौथ्या मजल्यावरची निम्मी माणसं घरी पाठवली. त्या मजल्यावर काळी माणसं तीन. तिन्ही नेमकी त्या निम्म्यात. शरीस त्यावर कुणाशी काही बोलली नाही. बोलली असती तरी टेबलावरच्या सामानाचं खोकं भरायचं थोडंच चुकणार होतं? मग सात महिने अर्ज, मुलाखती आणि ‘कळवतो’. वय अठ्ठेचाळीस. या महिन्याच्या शेवटी कंपनीचा आरोग्य विमाही संपणार होता, आणि आईची औषधं त्या विम्यावर चालत होती.

अशात अटलांटातल्या एका पाणीपुरवठ्याच्या कंपनीने बोलावलं. मुलाखत घ्यायला पाच जण बसले होते, त्यातले चार तिच्यासारखेच काळे. तिच्या दाट कुरळ्या केसांकडे बघून ‘तुमचे केस रोज असेच असतात का’ असं कुणी विचारलं नाही. शरीस बाहेर आली आणि गाडीत बसून रडली. नोकरी मिळेल म्हणून नाही. इतकी वर्षं आपण खांदे आखडून बसत होतो, हे त्या दिवशी तिला पहिल्यांदा कळलं म्हणून. पुढच्याच आठवड्यात नोकरी देत असल्याचं पत्र आलं.

तिचा धाकटा भाऊ रॉडरिक पंधरा वर्षांपूर्वीच अटलांटाला आला होता. बांधकाम कंपन्यांचा वकील. घर मोठं, दारात दोन गाड्या, बायको नुकतीच सोडून गेलेली. अटलांटाचं कौतुक करायला त्याला निमित्त लागत नसे.

“काय आहे गं ह्यूस्टनमध्ये?” तो म्हणाला. “दोन वर्षांआड घरात पुराचं पाणी. तेल वर गेलं की तुम्ही वर, तेल खाली गेलं की तुम्ही रस्त्यावर. इथे बघ. बँकेत मॅनेजर आपला, कोर्टात जज आपला, दाताचा डॉक्टर आपला. मान वर केली की आपलाच माणूस दिसतो.”

“आणि मान खाली केली की?”

“म्हणजे?”

“काल विमानतळावरून येताना पुलाखाली बेघरांचे तंबू होते. त्यातले काय स्वीडनहून आले होते?”

“तुझं तोंड काही सुधारलं नाही, शरी.”

“घर तरी परवडतं रे तिकडे. तुझ्या या घराच्या किमतीत मी तिकडे दोन घेईन. आणि ह्यूस्टनमध्ये नवा माणूस भेटला की विचारतो, तू कुणाची मुलगी? इथे आल्यापासून जो तो विचारतोय, तू काय करतेस?”

“मग सांग की काय करतेस.”

शरीसने एक हाड जरा जोरातच ताटलीत टाकलं. ती काय करत होती? सात महिने ती आईला आंघोळ घालत होती.

आई, अर्लीन. वय एकोणऐंशी. तीन वर्षांपासून तिच्या डोक्यातून एकेक गोष्ट गळत चालली होती. आधी नातवंडांची नावं, मग शेगडीचं बटण, मग नवरा वारल्याची बातमी, जी तिला महिन्यातून दोनदा नव्याने सांगावी लागे. एकच गोष्ट पक्की राहिली होती. ह्यूस्टनच्या थर्ड वॉर्ड या जुन्या काळ्या वस्तीतल्या एका लहानशा चर्चमध्ये ती चव्वेचाळीस वर्षं अशर होती. म्हणजे पांढरा पोशाख, पांढरे हातमोजे घालून दाराशी उभं राहायचं, आलेल्याला जागा दाखवायची, आणि सगळं हाताच्या खुणांनी, तोंडातून चकार शब्द न काढता. डावा हात पाठीमागे. उजवा हात वर केला की अर्थ असा, की मला मोकळं करा. आणि नियम असा, की बदली आल्याशिवाय जागा सोडायची नाही. मग चर्चला आग का लागेना.

त्या चर्चमध्ये आता सत्तरेक माणसं उरली होती. पण दर रविवारी अर्लीनला तिच्या दाराशी उभी करत. पंधरा मिनिटांनी तिचा हात वर जाई, मग तिच्याबरोबरचे जुने अशर, म्हातारे ओडेल काका येत, तिच्या कोपराला हात लावत, मान हलवत, आणि ती राणीसारखी जाऊन बाकावर बसे. ती पंधरा मिनिटं शरीस मागच्या रांगेत डोळे मिटून बसायची. आठवड्यातला तिचा विसावा तेवढाच.

“आईचं सगळं होईल,” रॉडरिक म्हणाला. “आठवड्यातले तीन दिवस माझ्याकडे. शब्द देतो. उद्या माझ्या चर्चमध्ये घेऊन चल. आठ हजार माणसं असतात गं, सगळी आपली. तिला घरच्यासारखं वाटेल.”

दुरून डोंगर साजरे, हे शरीसला कळत नव्हतं असं नाही. पण बुडत्याला काडीचा आधार. रॉडीने खरंच तीन दिवस सांभाळलं तर आपण जगू, एवढाच हिशोब तिने मनाशी केला होता.

रविवारी गाडी लांब कुठेतरी लावून बसने चर्चपर्यंत जावं लागलं. दाराशी कानात वायर घातलेली तरुण मंडळी हसून स्वागत करत होती. रॉडरिक म्हणाला, “तुम्ही मागे बसा, कडेला. बाथरूम जवळ पडेल. मला पुढे बसावं लागतं, एक क्लायंट येतोय बायकोला घेऊन.” हे कारण शरीसने गिळलं.

गाणं सुरू झालं आणि आई उठली. शरीस पर्समध्ये रुमाल शोधत होती, तेवढ्यात आई मधल्या वाटेत पोचलीसुद्धा. हातमोजे तिने कधी चढवले देव जाणे. ताठ उभी, डावा हात पाठीमागे. लोक कौतुकाने हसले. तिच्या चेहऱ्यावरही इतकं समाधान होतं, की शरीस क्षणभर बसूनच राहिली. वाटलं, जमेल. इथेही जमेल.

काही वेळाने आईचा उजवा हात वर गेला.

कुणी आलं नाही. कुणाला माहीतच नव्हतं. हात तसाच वर; गाणं संपलं तरी तसाच. वर फिरणारा कॅमेरा नेमका तिच्यावर थांबला आणि पुढच्या पडद्यावर अर्लीन गॅडिसन वीस फूट उंच दिसू लागली, हात वर करून, डोळे पाणावलेली. आठ हजार माणसांनी पाहिलं. तिसऱ्या रांगेतल्या रॉडरिकनेही मान वर करून पाहिलं. मग त्याने वळून मागे पाहिलं, त्याची आणि शरीसची नजर भेटली. शेजारच्या क्लायंटच्या बायकोने त्याला काहीतरी विचारलं. त्याने नकारार्थी मान हलवली आणि बायबलात डोकं घातलं.

कानात वायर घातलेला एक पोरगा आला. “आजी, चला, बसू या हं,” म्हणून त्याने तिचा दंड धरला. आईने हिसडा दिला.

“बदली आलेली नाही!” ती ओरडली. “सोडता येत नाही! कुठे मेले सगळे?”

आणखी दोघं धावले. शरीस उठली. डावा हात पाठीमागे घेतला. सोळाव्या वर्षी अशरच्या याच शिस्तीला वैतागून ती चर्चमधून पळून गेली होती. सावकाश चालत आईसमोर आली, तिच्या कोपराला हात लावला, मान हलवली.

आईने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “हातमोजे?” तिने विचारलं. मग स्वतःचेच काढून शरीसच्या हातांत चढवले, बोटं एकेक ओढून नीट केली, आणि जाऊन बाकावर बसली. पाच मिनिटांनी शरीस हळूच बसायला निघाली, तर आईने डोळे वटारले. मग सव्वा तास शरीस त्या वाटेत उभी राहिली.

संपल्यावर रॉडरिक आला. “अगं, काय झालं म्हणे? मी पुढे होतो, मला काही…”

“वीस फुटांची होती रे आपली आई,” शरीस म्हणाली. तो पार्किंगच्या बसची चौकशी करायला गेला.

सोमवारी पावणेदहाला तिने ‘हो’ लिहून पाठवलं. दुसरं काय लिहिणार होती? औषधांना शहर कळत नाही. ह्यूस्टनमध्ये ओडेल काका होते, नोकरी नव्हती. इथे नोकरी होती, आणि रॉडी होता.

“शाब्बास!” रॉडरिक म्हणाला. “बघ, सगळं मार्गी लागतं. तीन दिवस माझ्याकडे, म्हटलं ना?”

शरीसने रात्री धुतलेले हातमोजे टेबलावर त्याच्यासमोर ठेवले. “मग शिकून घे. डावा हात पाठीमागे. कोपराला हात लावायचा, मान हलवायची. दहा सेकंदांचं काम आहे.”

तो हसला. “घरात कशाला असली नाटकं? बाई ठेवू की एखादी.” त्याने हातमोजे बाजूला सरकवले आणि तिथे कॉफीचा कप ठेवला.

स्वयंपाकघराच्या दारात आई कधीची येऊन उभी होती, ताठ, रात्रीच्या गाउनमध्ये. तिचा उजवा हात वर होता. तिची नजर लेकावर होती.

लेकाने फोन उचलला आणि तो बोलत बोलत बाहेर गेला. हातमोजे अजून ओलसर होते. शरीसने ते तसेच चढवले.