तीन नंबरची म्हातारी

माझा मेहुणा कवळ्या बनवतो. दिवसभर लोकांच्या जबड्यांचे साचे घासायचे आणि संध्याकाळी लाँड्रीमागच्या हॉलमध्ये मारामारीचा जुना व्हिडिओ गेम खेळायचा, हेच त्याचं आयुष्य. बायकोचा एकुलता एक भाऊ, म्हणून मलाही सोबत जावं लागतं. चिकट बटणं, घामट वास आणि नुसती वयाने वाढलेली मंडळी! आत पाय ठेवला की मला शिसारी येते.

या गेमच्या तीन आवृत्त्या निघाल्या. तिसरी सगळ्यात नीट, हे शेंबडं पोरही सांगेल. तरी स्पर्धा मात्र दुसरीवरच. दुसरीत पैलवानाचं पात्र कोपऱ्यात वाकून बसलं की त्याला लाथ लागतच नाही. बनवणाऱ्यांची चूक ती. हे लोक ती चूक घोटून पाठ करतात आणि वर तिचं कौतुक करतात.

मेहुण्याचा जीव तिसरीतल्या काठीवाल्या म्हातारीत. परगावी नोकरीला असताना तो तिलाच घेऊन खेळायला शिकला. दुसरीत ती नाहीच. नोकरी सोडून इथे आला आणि त्याची सगळी कला फुकट गेली.

"तीन नंबर लावा ना," तो रोज गयावया करायचा.

हॉल चालवणारा न्हावी शांतपणे ऐकून घ्यायचा. "अरे, दोन नंबरात खोट आहे, मान्य. पण ती सगळ्यांना माहीत आहे. नवीन लावलं की हरलेला प्रत्येक जण मशीनला शिव्या घालणार. आता निदान स्वतःला घालतो." एकदा मात्र तो वैतागला. "तू दोन नंबरात जिंकून दाखव. पुढची स्पर्धा तीन नंबरवर. शब्द माझा."

मेहुणा इरेला पेटला. नाक मुरडत का होईना, त्याने पैलवान हाती घेतला. कवळ्या रखडल्या, गिऱ्हाईकं बोळक्या तोंडाने दारात येऊन भांडून गेली. पण स्पर्धा त्याने मारली. मीसुद्धा खुर्चीवरून उठून ओरडलो.

न्हाव्याने शब्द पाळला. तीन नंबरचं मशीन पुसून, जोडून तयार होतं. "ये, काढ तुझी म्हातारी," तो म्हणाला. "तिच्याशी कसं लढायचं ते आम्ही सगळे चोरून शिकलोय. तुला खेळायला कुणीतरी हवं ना!"

मेहुण्याने करंडक काखेत घट्ट धरला.

"नको. दोन नंबरच राहू दे."

"अरे, तूच डोकं खाल्लंस ना आमचं?"

"मग एवढं शिकलो ते पाण्यात घालू? आणि तुम्ही सगळे तयारी करून बसलात. मी हरलो म्हणजे?"

न्हावी वाकून वायर गुंडाळायला लागला. त्याचा पडलेला चेहरा बघून मला मेहुण्याची किळस आली.

रस्त्यावर मी विचारलं, "आणि म्हातारी?"

"तीन नंबर खेळतं कोण, भावोजी?" तो हसून म्हणाला.

मी रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या फुटपाथने घरी गेलो.