वसंतमामांची पेंढ्याची गादी

गवतावर झोपणारा माणूस गुरासारखा जगतो, असं तुम्हांलाही वाटतं का? मी तर तसं छापून वाटलं होतं. दीड महिन्यापूर्वी कलकत्त्यातल्याच बालीगंजहून निरोप आला, वसंतमामा गेले, तेव्हा आधी रडू आलं नाही. आठवलं ते माझं हेच पत्रक. तेव्हापासून फार थकल्यासारखं वाटतंय...

मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. कलकत्त्यातच जन्मले, इथल्याच एका शाळेत भूगोल शिकवत राहिले, एकटेच राहिले. पलंग चांगला सागवानी, पण त्यावर पेंढ्याची गादी. कापसावर पाठ दुखते म्हणायचे. "मास्तर, म्हैस कुठं बांधलीय?" असं पाहुणे चिडवायचे आणि मामाच सगळ्यांत मोठ्यानं हसायचे. दर हिवाळ्यात भाताची कापणी झाली की रिकामी खोळ घेऊन ते कलकत्त्याबाहेरच्या बजबजला जात आणि गिरणीमजुरांच्या वस्तीतल्या पार्वतीकडून गादी भरून आणत. पेंढ्याला तिथं कोण काय म्हणतं ते चिठ्ठ्यांवर टिपून ठेवत. पार्वती बिहारची, ती पुआल म्हणे. बंगाली शेजारीण बिचाली म्हणे, पलीकडची उडिया म्हातारी नडा. या चिठ्ठ्यांचं करणार काय, असं मी विचारलं, तर म्हणाले, "ज्याची गादी, त्याचा शब्द. आपण नीट लिहून घ्यायचा, इतकंच."

गेल्या हिवाळ्यात तिथल्या गिरणीत संप होता. संपकऱ्यांच्या बाजूनं मी हिंदीत पत्रक लिहिलं, त्यात एक ओळ होती: मजूर गुरांसारखे गवतावर लोळतात. माझी फार आवडती ओळ. पत्रकं वाटून झाल्यावर मोठ्या ऐटीत मामांना वाचून दाखवायला गेले.

"या, क्रांतिकारक! चहा चालेल ना, की तोही भांडवलदाराचा?"

वाचून झालं तेव्हा मात्र त्यांनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाले, "त्यांच्या गादीवर बसली होतीस?"

"नाही. दारातूनच पाहिलं."

"मग उद्या रविवार आहे. बसून ये. मीही येतो."

पार्वती अंगणात गादी भरत होती. पेंढा दोन दिवस उन्हात वाळवलेला, बुडखे कापून वेगळे काढलेले. एक थर उभा, एक आडवा, मधे कडुलिंबाचा पाला, आणि वरून गोणपाटाची खोळ. कोपरे तर ती हातानं ठोकून ठोकून बसवत होती. मला हात धरून तिनं आपल्या गादीवर बसवलं. उन्हाचा वास येत होता, कुठं काही टोचत नव्हतं.

दाभण चालवता चालवता ती म्हणाली, "मास्टरजी, कोई हमको गाय-गोरू लिख दिया है परचा में. बेटी पढ़के सुनाई. कौन लिखा है, जानते हैं?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

परतीच्या गाडीत ते एवढंच म्हणाले, "सांगायला हवं होतंस." मी म्हटलं, पुढच्या रविवारी सांगते. मग सभा आल्या, धरपकड आली, आणखी पत्रकं आली... मी कुणाला घाबरत नाही असं सगळीकडे सांगत फिरले, आणि त्या एका अंगणात जायला घाबरले. मामा आजारी पडले. भेटायला गेलं की पहिला प्रश्न, "गेलीस का?" शेवटच्या भेटीत त्यांनी तोही विचारला नाही.

तेराव्यानंतर मी एकटी बजबजला गेले. पार्वतीला बातमी सांगितली. ती मटकन खाली बसली, पदर तोंडाला लावून रडली. मग मी सांगितलं, ते पत्रक माझं होतं.

"पता है," ती डोळे पुसत म्हणाली. "मास्टरजी दूसरे ही हफ्ते आकर बता गए थे. बोले, डाँटना मत, लड़की खुद आएगी." मग म्हणाली, "आठ महीना लगा दी तुम!"

मामा तिला सांगून गेले होते, मी येईन. त्यांना मी आलेली दिसली नाही.

म्हणून एक विनंती आहे. तुम्ही कुणाच्या जगण्यावर चार ओळी लिहिल्या असतील, पत्रकात, वर्तमानपत्रात, अगदी गावाकडच्या पत्रातही, तर त्या घेऊन त्यांच्या दारी जा आणि त्यांनाच वाचून दाखवा. येत्या रविवारीच जा.