साहेबाचे काळे बोडे

हॉस्टेलातल्या खोली नंबर सातच्या मंडळींनो, हे पत्र सगळ्यांनी मिळून वाचा. आज सकाळपासून डोकं फिरलंय.

बांबूची पाहणी करायला विलायतेत शिकलेला एक साहेब गावात आलाय. कौसल्येच्या ओट्यावर बसून सांगत होता, फ्रान्सात जमिनीखाली काळी अळंबी मिळते, डुकरं हुंगून शोधतात. इटलीत पांढरी, अरबांकडे वाळूखाली. जिच्यासाठी मी कॉलेज सोडलं, ती कौसल्या चूल विसरून ऐकत होती!

मी म्हटलं, "आमच्या सरईच्या झाडाखालीबी अशीच अळंबी निघते, साहेब. बोडे म्हणतो आम्ही. चला, दाखवतो."

जंगलात त्यानं विचारलं, "यातले चांगले कोणते?" खरं तर पांढरा तो कोवळा आणि काळा पडलेला तो जून, खायच्या कामाचा नाही. मी म्हटलं, "काळेच. फ्रान्ससारखे." त्यानं टोपलीभर काळे वेचले.

दुपारी कौसल्येनं एक फोडला. आत नुसती काळी भुकटी. मी हसू दाबत होतो, तर ती माझ्यावरच उखडली. "पाहुण्याले फसवून राह्यला काऊन रे?" मग त्याला म्हणाली, "उद्या सकाळी मीच नेईन तुम्हाले. पांढरे कसे ओळखायचे, शिकवीन."

ते तिला मीच शिकवलं होतं, त्याच झाडांखाली.

आता सांगा, तिची माफी मागू, की त्यांच्या आधी जाऊन सगळे पांढरे बोडे उकरून आणू? तुमचं उत्तर यायला आठवडा लागेल, माहीत आहे. टोपली मी आत्ताच दारात काढून ठेवलीय.