मामांचे पाय

फोन आला तेव्हा मी पुण्यात, हॉस्पिटलच्या, कॅन्सरवर किरण देणाऱ्या कोबाल्ट मशीनच्या खोलीबाहेर उभा होतो. “मामा गेले रं... झोपेतच,” मामी म्हणाली. माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, “काल नीट चालत होते ना?” महिना झाला, त्या प्रश्नाची लाज जात नाही.

मामा शिरूरजवळ फुलशेती करत. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांना अन्ननलिकेचा कॅन्सर झाला आणि किरणांच्या डोसचा हिशेब माझ्याकडे आला. माझं कामच ते. किरण शरीरात जितके खोल जातात तितके क्षीण होतात. गाठीपाशी पोचणारा डोस आणि आड शरीर नसतं तर तिथंच मिळाला असता तो डोस, यांचं गुणोत्तर तक्त्यात पाहून आम्ही मशीन किती वेळ चालवायचं ते ठरवतो. त्यासाठी छातीची जाडी लागते. ती मीच मोजली होती.

दुसऱ्या आठवड्यात पुन्हा मोजायला गेलो, तर मामांनी श्वास भरून छाती ताणली.

“मामा, हे काय?”

“छाती मोजत्यात तवा फुगवायची न्हाई व्हय? दौंडला रेल्वेच्या भरतीत बोटभर कमी पडलो हुतो. आता तू तरी पास कर!”

मी पहिल्या मापाचा कागद काढला. पहिल्या दिवशीही त्यांनी हेच केलं असणार. जाडी जास्त भरली, गुणोत्तर कमी आलं, म्हणून वेळ वाढला... आणि अन्ननलिकेच्या मागेच मज्जारज्जू. डॉक्टरांना सांगून पुढचा डोस कमी केला. मामांनाही सांगितलं.

“जादा झाल्यावर काय हुतं?”

“पाय लुळे पडू शकतात.”

“कवा?”

“महिन्यांनी... वर्षांनीसुद्धा.”

ते चपला पायात सरकवत उठले. “तवर चालतो की,” म्हणाले.

गाठ गेली. मामा कित्येक वर्षं चालले. पण सुट्टीत दौंडच्या आमच्या घरून शिरूरला गेलो की माझी नजर थेट त्यांच्या पायांवर जायची. पायरीवर थांबले, पायाला मुंग्या आल्या म्हणाले, की मी त्यांची पुढची पावलं मोजायचो. “अगं, च्या टाक,” ते आत ओरडायचे, “भाचा आलाय माझ्या पायाला भेटायला!” मी हसायचो.

दहाव्याला गेलो तेव्हा मामांच्या चपला दारातच होत्या. पाय ओढणाऱ्याच्या चपलेचं टोक झिजतं. मी त्या उलट्या करून पाहिल्या. टाचा झिजलेल्या, टोकं शाबूत. सुटलो, असं वाटलं... आणि तरी पुन्हा उचलून उजेडात धरल्या.

मामीनं त्या हातातून घेतल्या, सरळ करून ठेवल्या. “बघितलं न्हवं? आता एकदा त्येंच्या तोंडाकडं बघ.”

मी भिंतीवरच्या फोटोकडे मान वर केली. मामांनी श्वास भरून छाती ताणली होती.