ताडकळसहून आलेलं मुंबईचं गिऱ्हाईक

तुमच्या दुकानात जी गर्दी दिसते, ती गिऱ्हाइकांची आहे की तुमच्याच पाहुण्यांची? रागावू नका. हाच प्रश्न मला मानवतला, माझ्या सख्ख्या मामांच्या घरात विचारावा लागला, आणि तोही अशा वेळी की उत्तरावर मामीचं दुकान राहणार की जाणार हे ठरत होतं.

मामी गाद्या-उशा भरून देते. मामांची मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत. घराची रस्त्याकडची खोली मामीची, तिथं तिचं कापूस पिंजायचं मशीन. फोमच्या गाद्या आल्या तसं काम कमी होत गेलं आणि मामांच्या डोक्यात ती खोली एका मोबाइलवाल्याला भाड्यानं द्यायचं आलं. मामीनं मला बोलावून घेतलं, मी तिला वेबसाइट करून दिली. मामांनी एकच गोष्ट सांगितली, "दिवाळीपर्यंत बघू. लोक यायले असतील तर खोली तुझी. न्हाई तर मशीन मागच्या पत्र्यात."

मागच्या पत्र्याच्या अडगळीत गेलेलं मशीन पुन्हा चालू होत नसतं, हे मामीलाही कळत होतं आणि मलाही.

लोक येतात की नाही हे कळायला वेबसाइटला मोजणी जोडावी लागते. पानाच्या मागे एक लहानसा कोड बसवायचा. मग कुणीतरी आलं, कुठलं पान उघडलं, किती वेळ थांबलं, साधारण कुठल्या शहरातून आलं, एवढं दिसतं. मी बरेच प्रकार तपासले. काही कोड तर असे की माणूस आपल्या दुकानातून निघून गेला तरी त्याच्या पाठीमागं दारोदार हिंडतात. ते मी बाजूला काढले. फक्त मोजणारा, नाव-नंबर न विचारणारा एक घेतला आणि पानाच्या खाली लिहिलं, 'इथे येणाऱ्यांची संख्या आम्ही मोजतो. तुम्ही कोण आहात, हे आम्ही पाहत नाही.'

मामांना ते पटलं नाही. "म्हंजे कोण आलं त्याचा नंबर न्हाई का देत ते?"

"देत नाही. आणि देत असतं तरी मी घेतला नसता."

"आल्या पुढारीणबाई! अगं, आलेल्या माणसाला नाव इचारायला काय हरकत हाय?"

हरकत आहे, आणि ती मला लहानपणापासून पाठ आहे. माझे वडील पत्रकं काढायचे. पाण्यासाठी, बंद पडलेल्या एसटीसाठी, शाळेच्या गळक्या छतासाठी. बाजारच्या दिवशी ती वाटायला आम्ही भावंडं जायचो. पत्रक घेणाऱ्याला नाव विचारायचं नाही, हा त्यांचा दंडक. विचारलं की पुढं आलेला हात मागं जातो. दुसरा दंडक असा की वाटून झालं की त्याच रस्त्यानं परत यायचं. किती पत्रकं चिखलात पडली, कितीत भजी बांधली गेली आणि किती घड्या घालून खिशात गेली, ते बघायचं. वाटलेली पत्रकं मोजून समाधान मानणाऱ्या माणसाला ते कार्यकर्ता म्हणत नसत.

असो. कोड बसला, आणि आठवड्याभरात आलेख असा काही चढला की माझाच विश्वास बसेना. रोज सकाळी डोंगर! आणि शहर कुठलं, तर बहुतेक मुंबई. मामा मोंढ्यात सांगत सुटले, "मुंबईचे लोक आमच्या गाद्या बघायलेत!" मामीनं खोलीतलं मशीन फडक्यानं लखलखीत पुसून ठेवलं.

मला मात्र ते डोंगर टोचत होते. मुंबईची माणसं रोज सकाळी एकाच वेळी, फक्त पहिलं पान उघडून, लगेच का जातात? एक गादी बघायला कुणी रोज येतं का?

एका सकाळी मी स्वयंपाकघरात लॅपटॉप घेऊन बसले होते. मामीची लिंगपूजा आटोपली, कपाळावर भस्म तसंच ताजं होतं. तिनं फोन घेतला, डोळे मिटून नमस्कार केला आणि वेबसाइट उघडली. माझ्या पडद्यावर उमटलं, 'आत्ता एक जण. मुंबई.'

"मामी, काय करायलीस?"

"दुकान उघडायलेय." इतकं साधं उत्तर.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. ताडकळसची मावशी, मामीची धाकटी बहीण. मामीनं स्पीकर लावला. "अक्का, आजचं उघडलं बरं का मी. पेडगावच्या वयनीला पन आठवन केली. ती म्हनली, भाकरी थापून झाली की उघडते." पडद्यावर मुंबईचा आणखी एक जण वाढला.

मोबाइल कंपनीचं जाळं कुठल्यातरी मोठ्या शहरातून बाहेर पडतं, त्यामुळे ताडकळसच्या ओट्यावर बसलेली मावशी वेबसाइटला मुंबईची दिसत होती. आणि आमच्याकडे नवं दुकान निघालं की पहिली गर्दी आपल्या माणसांनी करायची, रिकामं दुकान दिसू द्यायचं नाही, ही रीतच आहे. मामीनं ती रीत अख्ख्या गोतावळ्याला फोन करकरून लावून दिली होती. फक्त वेबसाइटचं उद्घाटन रोज सकाळी होत होतं.

मी हसले, आणि लगेच हसू गेलं. "मामी, हे मामांना सांगावं लागेल."

तिचा चेहरा उतरला. "गप बस की. त्यांना काय कळतंय? खुश हायेत ते."

"आणि दिवाळीनंतर? आलेख फुगलेला आणि दारात कुणी नाही, तेव्हा काय सांगणार?"

"तवाचं तवा बघू. खोली तर राहील!"

मी तावातावानं बोलले. खोट्या गर्दीवर सभा चालत नाही, दुकानही चालत नाही, असलं बरंच. मामी पोळपाट पुसत ऐकत राहिली. मग म्हणाली, "भाषण झालं का? चहा घे." आणि दुपारी, मामा जेवायला बसले तेव्हा, ताटात वरण वाढता वाढता तिनंच सांगून टाकलं.

मामा घास हातात धरून थांबले. "म्हंजे मुंबई म्हंजी तुझी बहीन?"

"आन तुमची बी. तुमच्या धाकट्या बहिनीला मीच लावलंय कामाला."

मामा हसले, ठसका लागेपर्यंत हसले. पण पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "मग खरं कोण यायलंय ते दाखवा. न्हाई तर ठरल्यापरमानं."

मामीनं त्याच संध्याकाळी फोन फिरवले. "आजपासून उपास धरा. कुनी माझं दुकान उघडायचं न्हाई." मावशी दुखावली. "आमी काय परके हाव का अक्का?" तिची समजूत काढायला चांगला वेळ गेला.

डोंगर सपाट झाले. पहिले काही दिवस मामीनं पडद्याकडे पाहिलंही नाही. मी मात्र रोज पाहत होते, कारण त्या सपाट जागेत आता लहान लहान खुणा दिसायला लागल्या होत्या. दुपारी एखादा, संध्याकाळी दोन-तीन. थोडे होते, पण अनोळखी होते, आणि पहिल्या पानावर थांबत नव्हते. जवळजवळ सगळे एकाच पानावर जात होते. ते पान मी जागा भरायला म्हणून केलं होतं, 'जुन्या गादीचा कापूस पुन्हा पिंजून मिळेल'. तिथं ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे आणि निघून जायचे.

का जायचे, ते मामीनं बघितलं. "अगं, हितं खाली फोन नंबर कुठाय?"

नंबर होता, पण फक्त पहिल्या पानावर. वाचून झालेल्या माणसानं बोट कुठं टेकवायचं? आम्ही तिथं मोठं बटण लावलं, 'मामींशी बोला'.

पहिला फोन जिंतूरकडच्या एका बाईंचा. माहेरची गादी, आईनं घरच्या शेतातल्या कापसाची भरून दिलेली. गोळे झालेत, टाकवत नाही. करून द्याल का? मामी फोनवर ताठ उभी राहिली. "करून देते की. तुमचाच कापूस, तुमच्यासमोर पिंजते. खोळ तेवढी नवी घ्या." गादी एसटीनं आली. मग सेलूहून एक, परभणीहून दोन. फार नाहीत. पण दिवाळीच्या आधी मामांनी मोबाइलवाल्याला स्वतः जाऊन सांगितलं की खोली रिकामी नाही. मामीला ते त्याच्याच तोंडून कळलं. मी तोवर माझ्या घरी परतले होते, तर ती मला फोनवर म्हणाली, "माय, मला सांगायला काय झालतं ह्यांना?" आवाजात मात्र हसू मावत नव्हतं.

आता तुमच्याकडे एक मागणं. तुमच्या घरात, गल्लीत कुणीतरी मेहनतीनं असं लहान दुकान इंटरनेटवर मांडलं असेल. त्याला नुसता 'लाइक' देऊन पुढं जाऊ नका. या रविवारी तासभर त्यांच्या शेजारी बसा. अनोळखी माणसं कुठल्या पानावर थांबतात ते दोघं मिळून शोधा, आणि उठण्याआधी त्या पानाच्या खाली फोन नंबर टाकून द्या.