डाव्या बाजूच्या तीन बरगड्या

विनायकराव गेल्याचं कार्ड आलं तेव्हा मी मळ्यात वांग्यांना पाणी देत होतो. अक्षर त्यांच्या पत्नीचं, शांताबाईंचं. "गुरुवारी सकाळी गेले. शेवटी श्वास पुरेना. तुम्हाला आधी कळवावं असं सांगून ठेवलं होतं." कार्ड हातात धरून मी उभा राहिलो आणि पाणी एकाच वाफ्यात जात राहिलं... याला आता पाच आठवडे झाले. खामगावात त्यांच्यासाठी सभा झाली. छातीच्या रोगांचा एवढा अभ्यास केलेला माणूस, शिकला मुंबईला पण दवाखाना घातला आपल्या जिल्ह्यात, असं सगळे बोलले. मलाही बोलायला सांगितलं. मी उठलो नाही. मला जे सांगायचं होतं ते हार घातलेल्या फोटोसमोर सांगण्यासारखं नव्हतं. विनायकरावांच्या डाव्या बाजूच्या तीन बरगड्या मी मोडल्या होत्या.

माझा थोरला भाऊ सखाराम खामगावच्या एका जिनमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होता. पिंपळगाव राजाला आमचा लहानसा मळा, त्यात दोघा भावांचं भागत नव्हतं. म्हणून तो दिवाळीनंतर जिनमध्ये जायचा, कापसाच्या धुळीत दिवसभर उभा राहायचा आणि उन्हाळ्यात खोकत परत यायचा. दोन हंगामांनंतर त्याला चालताना दम लागू लागला, म्हणून गंगावहिनीनं त्याला विनायकरावांच्या दवाखान्यात नेलं. विनायकराव जानेफळचे, बोलणं आमच्यासारखंच. त्यांनी दादाला पहिलाच प्रश्न विचारला, "सुट्टीहून कामावर आलं का त्या दिवशी छाती जास्त जड होते काय?" दादा चकित झाला. तसंच होत होतं, पण त्यानं ते कुणाला सांगितलं नव्हतं. कितीतरी मजुरांच्या तोंडून विनायकरावांनी हेच ऐकलं होतं. क्षय नाही, बिडी नाही, ही धूळच फुप्फुस खाते अशी त्यांची खात्री होत चालली होती, पण दाखवायला हातात काही नव्हतं.

तिसऱ्या हंगामात दादाला ताप भरला आणि छातीत पू झाला. फुप्फुसावर जे पातळ आवरण असतं त्याच्या आत तो साठतो आणि फुप्फुस दाबून टाकतो. विनायकरावांनी बरगड्यांमधून जाड सुई घालून तो काढला. वहिनी भांडं धरून बसायची. ती सांगते, पू हिरवट होता आणि त्याच्या वासानं शेजारच्या खाटेवरचा रोगी उठून बाहेर गेला. दादा एकदा म्हणाला, "डाक्टरसायेब, हे काऊन झालं मले?" विनायकराव म्हणाले, "खरं सांगू? आत पाह्यल्याबिगर मले नाई सांगता येत." दादा हसला. "मंग मेल्यावर पाहा ना. माह्यामागं जे राह्यले त्यायच्या तरी कामी येईन." दोन दिवसांनी तो गेला. विनायकरावांनी वहिनीलाही विचारलं. तिनं मान डोलावली, तेव्हा त्यांनी दादाची छाती उघडली.

आमच्याकडे निरोप घेऊन आलेल्या माणसानं मात्र एवढंच सांगितलं की सखाराम मेला आणि डॉक्टरनं त्याला चिरलं.

बाप, मी आणि दोन चुलते गाडी जुंपून निघालो. दुपारी पोहोचलो. दादा व्हरांड्यात चादरीखाली होता. मी चादर ओढली. गळ्यापासून पोटापर्यंत टाके... पोतं शिवावं तसे. मी गाडीची उभारी, कडेचा लाकडी दांडा, उपसली आणि आत शिरलो. विनायकराव टेबलाशी काहीतरी लिहीत होते. त्यांनी हात वर केला, "ऐकून त घे बाप्पा," म्हणाले. मी ऐकलं नाही. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा आणि तिसरा बरगड्यांवर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला आणि मला बरं वाटलं, हे आज लपवत नाही. चुलत्यांनी त्यांचं सूक्ष्मदर्शक यंत्र भिंतीवर आपटलं. टेबलावर काचेची बरणी होती, तिच्यात काळपट राखाडी मांसाचे तुकडे. मी ती फरशीवर फोडली आणि ते तुकडे पायांखाली तुडवले. माझ्याच भावाचं फुप्फुस होतं ते.

तेवढ्यात वहिनी मागच्या दारातून धावत आली. "काय केलं तुमी! त्यायनंच सांगतलं होतं पाह्याले! मले इचारलं होतं यायनं!" ती माझी उभारी दोन्ही हातांनी ओढत होती. विनायकराव भिंतीला टेकून बसले होते. ओठ निळे पडत चालले होते, मानेच्या शिरा दोरीसारख्या फुगल्या होत्या. मोडलेल्या बरगडीनं फुप्फुस फाडलं होतं आणि हवा आत कोंडत होती. कंपाउंडर केव्हाच पळाला होता. त्यांनी पेटीकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे. "सुई... तू घाल." मी म्हणालो, "मी?" ते म्हणाले, "मारतानी हात थरथरला नाई ना तुहा?" वहिनीनं सुई माझ्या हातात दिली, दादाचा पू काढला होता तीच. त्यांनी माझं बोट धरून गळ्याजवळच्या आडव्या हाडाखाली नेलं, वरून तिसऱ्या बरगडीच्या काठावर थांबवलं. "दाब." मी दाबली. कातडी ताणली गेली, मग सुई एकदम आत गेली आणि फुस्स करून हवा बाहेर आली... त्यांची छाती वर झाली, खाली झाली.

पोलीस जमादार आला तेव्हा बाप म्हणत होता की डॉक्टर पडले. विनायकरावांना बोलवत नव्हतं, तरी त्यांनी सांगितलं, "यानं मारलं मले. आन यानंच वाचवलं. दोन्ही लिव्हा." मला चार महिने सक्तमजुरी झाली.

सुटलो तेव्हा त्यांचा निरोप आला होता. मी सातवी पास असल्याचं वहिनीनं त्यांना सांगितलं होतं. मी दवाखान्याच्या दारातच उभा राहिलो. ते म्हणाले, "मजूर माह्याशी बोलत नाईत आता. म्हनतात, हा मेल्यावर चिरते. तू त्यायच्यातला हायेस. तू इचार, तूच लिव्ह." त्या दिवसापासून कितीतरी हंगाम मी त्यांच्याबरोबर जिनच्या फाटकांवर उभा राहिलो, मजुरांच्या छातीचं विचारून वह्यांत लिहीत राहिलो. चढ आला की ते थांबायचे आणि डाव्या कुशीवर हात ठेवायचे. मी दुसरीकडे पाहायचो. एका जिनमध्ये मालकाच्या माणसांनी आमच्या वह्या बॉयलरच्या आगीत टाकल्या आणि विनायकरावांना कॉलर धरून लोळवलं. मी त्यांच्या अंगावर पडलो. माझे पुढचे दोन दात त्या दिवशी गेले, पण त्यांच्या डाव्या बाजूला लाथ लागू दिली नाही.

वह्या आम्ही पुन्हा लिहिल्या. वऱ्हाडाचा कारभार मध्यप्रांताबरोबर नागपूरहून चालायचा, म्हणून आमचा अहवाल तिकडे सरकारकडे गेला. उत्तर मीच फोडून वाचलं. फुप्फुसाचा प्रत्यक्ष पुरावा जोडलेला नसल्यामुळे रोगाचं कारण धूळच आहे असं मानता येत नाही... पुरावा विनायकरावांकडे एकदाच आला होता. त्यानंतर कुठल्याच घरानं प्रेत उघडू दिलं नाही. एका जिनवाल्यानं तेवढे छताला झरोके पाडले. एवढ्या वर्षांचं दिसेल असं फळ ते एकच.

ते जाण्याच्या आठ दिवस आधी मी गेलो होतो. उशांना टेकून बसले होते, डाव्या बाजूला पाणी झालं होतं. शांताबाई चहा करायला आत गेल्या आणि मी इतकी वर्षं गिळलेलं विचारलं, "डाक्टरसायेब, तुमी मले माफ केलं का?"

ते म्हणाले, "बरगड्या जुळल्या रे. त्यायचं काई नाई. पन ते बरणी सखारामानं देल्ली होती. तिची माफी माह्याजवळ नाई."

मग माझा हात ओढून त्यांनी छातीवर ठेवला. बोटावर बोट ठोकून आतलं ऐकायचं त्यांनीच मला शिकवलं होतं. मी खालून ठोकत वर गेलो. बोटांखाली वाकडं जुळलेलं हाड लागलं. आवाज भरल्या मडक्यासारखा बद्द येत होता, चौथ्या बरगडीपाशी मोकळा झाला. "चौथीलोक पानी," मी म्हणालो. त्यांनी मान डोलावली आणि उशाशी ठेवलेली मजुरांच्या नोंदींची वही माझ्यापुढे सरकवली. मी लिहिलं, डावी बाजू, चौथ्या बरगडीपर्यंत. आणि नावाच्या रकान्यापाशी थांबलो.

"लिव्ह ना बे," ते म्हणाले. "रोग्याचं नाव लिव्ह."